दीड मीटरची नर्मदा: इंदूरच्या एका उन्हाळी वर्गाचा प्रकरण अभ्यास

इंदूरच्या राजेंद्रनगरात एका मराठी मंडळाने मे महिन्याच्या सुट्टीत पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी अभियांत्रिकीची ओळख करून देणारा वर्ग चालवला. चार रविवार, दर वेळी अडीच तास, २४ मुलं, चौघाचौघांचे सहा गट. मदतीला अभियांत्रिकी महाविद्यालयातले तिसऱ्या वर्षाचे सहा विद्यार्थी, म्हणजे मुलांचे ताई-दादा, आणि पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले एक काका. वर्गात काय ठरवलं, काय बांधलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते इथे तपशिलाने दिलं आहे. दुसऱ्या कुणाला असा वर्ग घ्यायचा असेल तर आकड्यांसकट उचलता यावा, हा हेतू.

त्याच सभागृहात आधीच्या सुट्टीत रोबोटिक्सचं शिबिर झालं होतं. तयार संच, छापील आकृती, तारा जोडल्या की गाडी पळते. मुलांना मजा आली, पण गाडी डावीकडेच का वळते हे विचारल्यावर उत्तर कुणाकडे नव्हतं. संचात चुकायला जागाच ठेवलेली नव्हती, मग विचार करायची वेळ तरी कशी येणार? म्हणून या वेळी साधनं स्वस्त ठेवायची आणि अडचण मात्र खरी द्यायची, असं ठरलं. अडचण अशी हवी की रंगीत कागद चिकटवून किंवा कुणाला तरी विचारून ती सुटणार नाही, मोजल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

अशी अडचण इंदूरच्या प्रत्येक घरातल्या नळामागे आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर मंडलेश्वरजवळ जलूदला नर्मदेची पातळी जेमतेम दीडशे मीटर. मध्ये विंध्याचा चढ आणि सुमारे ७० किलोमीटर अंतर. यशवंतसागर आणि बिलावली तलाव वाढत्या शहराला पुरेनात, १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी नागरिकांनी आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी शहरात पोचलं. हे पाणी एका दमात वर येत नाही. वाटेतल्या पंपिंग स्टेशनांवरून टप्प्याटप्प्याने चढवून ते चढाच्या माथ्यावरच्या वांचू पॉइंटपर्यंत नेतात आणि तिथून पुढे उताराने शहराकडे येऊ देतात. महेश्वरच्या घाटावर पाय सोडून बसलेली ही मुलं, पण तेच पाणी आपल्या बादलीत असतं हे त्यातल्या फार थोड्यांच्या डोक्यात होतं.

पहिल्या रविवारी कुणी काही शिकवायच्या आधी प्रत्येकाला कोरा कागद दिला: तुमच्या नळाला पाणी कसं येतं, ते काढा. बहुतेकांनी नदी, एक लांब आडवा पाइप आणि नळ काढला. काहींनी ढग काढले. चढ जवळजवळ कुणाच्याच चित्रात नव्हता, वीजही नव्हती. हे कागद नाव-तारीख घालून जपून ठेवले. त्यांचा उपयोग शेवटी होणार होता.

मग काम सांगितलं. जमिनीवरच्या टबातलं पाणी दीड मीटर उंचीवरच्या डब्यात चढवायचं, ५ मिनिटांत २ लिटर. उंची मोजायची ती टबातल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या डब्याच्या काठापर्यंत. बादलीने उचलून ओतायचं नाही. पंप हवे तितके घ्या, पण प्रत्येक पंपाचे १० गुण कापले जातील. ही शेवटची अट महत्त्वाची. ती नसती तर सगळ्यांनी सहा-सहा पंप मागितले असते आणि डोकं चालवायची गरजच उरली नसती.

सामान

पंप म्हणजे ३ ते ६ व्होल्टवर चालणारा, पाण्यात बुडवून ठेवायचा अंगठ्याएवढा डीसी पंप. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो, किंमत साधारण ६० ते १०० रुपये. त्याच्यावर ताशी ८० ते १२० लिटर आणि ४० ते ११० सेंटीमीटर उंची असा भला मोठा पल्ला लिहिलेला असतो, म्हणजे तुमच्या हातातला पंप किती चढवेल हे दुकानदारही सांगू शकत नाही. वर्गाच्या दृष्टीने हे उत्तमच. दर गटाला ४ पंप आणि सगळ्यांत मिळून ६ जादा, कारण काही पंप हमखास जळतात. पारदर्शक नळी आतून ६ मिलिमीटर व्यासाची, दर गटाला ४ मीटर. पंपाचं तोंड बाहेरून साधारण साडेसात मिलिमीटर असतं, म्हणून नळीचं टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मऊ करायचं आणि दाबून बसवायचं. थंड झाल्यावर ते घट्ट धरतं. एका गटाच्या पालकांनी मत्स्यालयाची हवेची बारीक नळी आणली होती. ती ४ मिलिमीटरची. बसलीही नाही, आणि जोडकाम करून कशीबशी बसवली तेव्हा पाण्याची धार निम्म्याहून कमी झाली. नळी थोडी बारीक झाली की घर्षण अनेक पटींनी वाढतं. हे सांगत बसायची गरज पडली नाही, दोन्ही नळ्या शेजारी धरल्या आणि काम झालं.

मधल्या टाक्यांसाठी घरोघरचे श्रीखंडाचे एक किलोचे रिकामे डबे. उंचीसाठी मंडळाची सजावटीच्या वेळी वापरायची लाकडी शिडी, भिंतीला दोरीने बांधून. प्रत्येक पायरीवर फळी, फळीवर डबा.

विजेबद्दल दोन गोष्टी ठाम ठरवल्या होत्या. २३० व्होल्टचं काहीही पाण्याच्या खोलीत येणार नाही, मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही. आणि गटागटाला घरचा एक पॉवर बँक, यूएसबीची केबल कापून तिच्या लाल-काळ्या तारा जोडपट्टीवर घेतलेल्या, प्रत्येक पंपाला आपलं वेगळं बटण. पॉवर बँकेत शॉर्टसर्किट झालं तर आपोआप बंद व्हायची सोय असते, सुट्या सेलमध्ये नसते. पहिल्या दिवशी मात्र सोपी म्हणून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरली गेली आणि त्याचा चांगलाच धडा मिळाला. पंप आधी जोरात चालला, पाणी ७० सेंटीमीटरच्या वर गेलं, आणि वीस मिनिटांनी तोच पंप ५० वर थांबला. मुलांना वाटलं पंप बिघडला. बिघडली होती बॅटरी: तिची साठवण कमी, आतला रोध जास्त, प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली बसतं. शिवाय ९ व्होल्ट हे पंपाच्या मर्यादेच्या बाहेरच. त्या दिवशीची सगळी मोजमापं बाद करून पुन्हा ५ व्होल्टवर घ्यावी लागली. पॉवर बँकेचीही एक खोड आहे: एकच छोटा पंप लावला तर काही पॉवर बँक प्रवाह फारच कमी म्हणून स्वतःला बंद करून घेतात. दुसरा पंप शेजारच्या बादलीत चालू ठेवला की त्या जाग्या राहतात.

आधी मोजमाप, मग बांधकाम

पहिल्या रविवारचा उरलेला सगळा वेळ फक्त एकच पंप मोजण्यात गेला. काही पालकांना हे वाया घालवणं वाटलं. आमच्या मते अख्ख्या वर्गाचा जीव इथेच होता.

भिंतीवर मोजपट्टी चिकटवलेली. पंप बादलीत, नळीचं टोक हाताने वर वर न्यायचं आणि दर उंचीला २०० मिलिलिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. एका गटाच्या वहीतले आकडे असे होते: १० सेंटीमीटरला ९ सेकंद, ३० ला १२, ४० ला १६, ५० ला २४, ६० ला ५० सेकंद. ६८ सेंटीमीटरला पाणी नळीत उभं राहिलं, बाहेर एक थेंब नाही.

इथे दोन चुका प्रत्येक गटाने केल्या. उंची बादलीच्या तळापासून मोजली. पंपाला चढ लागतो तो पाण्याच्या पातळीपासून नळीच्या तोंडापर्यंत, पंप तळाशी असो की मधोमध. पाणी उपसलं की पातळी उतरते आणि नळी तिथेच असूनही चढ वाढतो. एकच उंची दोनदा मोजून वेगळे आकडे का आले, यावर एका गटात चांगलंच भांडण झालं. ते बादली काठापर्यंत पुन्हा भरल्यावरच मिटलं. दुसरी चूक हवेची. पंप पाण्यात उभा सोडला की आत हवेचा बुडबुडा अडकतो, मोटर फिरते पण पाणी येत नाही. पंप आडवा करून पाण्याखाली हलवायचा, बुडबुडे निघून जाऊ द्यायचे आणि मग बटण दाबायचं.

आलेखाच्या कागदावर उंची आणि धार मांडल्यावर रेघ खाली झुकत गेली. सगळा खेळ या रेघेचा आहे. मुलांचा पहिला हिशेब साधा होता: पंप ६८ सेंटीमीटर चढवतो, १५० भागिले ६८, म्हणजे दोनाहून थोडं जास्त, तर तीन पंप पुरे. गुणही कमी कापले जातील. काकांनी काही सांगितलं नाही, ताई-दादांनाही सांगू दिलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "तीन पंप लावले तर प्रत्येकाला किती चढावं लागेल, आणि तेवढ्या उंचीला तुमची धार किती आहे, आलेखात बघा."

दुसऱ्या रविवारी बांधल्यावर उत्तर आलं. मधल्या डब्यात नळीचं तोंड काठावर आणि पाणी काठाच्या ८ सेंटीमीटर खाली, म्हणजे दर मधल्या टाकीला ८ सेंटीमीटर चढ फुकट जातो. तीन टप्पे म्हणजे मधे दोन टाक्या: १५० अधिक १६, एकूण १६६, प्रत्येक पंपाला ५५. आलेखावर ५५ ला सेकंदाला ६ मिलिलिटरच्या आसपास. २ लिटरला साडेपाच मिनिटं. अगदी थोडक्यात हुकतं. चार टप्प्यांत एकूण १७४, प्रत्येकाला साधारण ४३ ते ४४, धार सेकंदाला ११ मिलिलिटर, तीन मिनिटांत काम. एक पंप वाढवला आणि पाणी जवळजवळ दुप्पट झालं. पंप त्याच्या कमाल उंचीजवळ चालवायचा नसतो, हे वाक्य पाठ्यपुस्तकातून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत विसरलं गेलं असतं. इथे ते मुलांच्या स्वतःच्या आकड्यांतून निघालं.

"५ मिनिटांत २ लिटर" हे उद्दिष्ट मुद्दाम असं निवडलेलं होतं की तीन टप्पे थोडक्यात हुकावेत. पंप वेगळे मिळाले तर हा आकडा बदलावा लागेल. वर्गाच्या आधी स्वतः मोजून घ्या आणि उद्दिष्ट त्या हुकण्याच्या रेषेवर ठेवा. फार सोपं ठेवलं तर कुणी आलेखाकडे पाहत नाही, फार अवघड ठेवलं तर मुलं हात टेकतात. एका गटाने तीनच पंपांवर हट्टाने काम केलं: मधल्या डब्यांत पाणी काठापासून ३ सेंटीमीटरवर राखलं, टबात सतत पाणी ओतत राहिले आणि ५ मिनिटांच्या आत पोचले. पंपाचे १० गुण वाचले. त्यांच्या टाक्या मात्र जरा हात ढिला पडला की सांडत होत्या. ही देवघेव त्यांनी सगळ्या वर्गासमोर स्वतः समजावून सांगितली.

आणखी एका गटातल्या सहावीच्या मुलीने विचारलं, "काका, मधली टाकीच नको. पंपाच्या नळीतच दुसरा पंप जोडला तर?" कल्पना बरोबर होती, खरे पंपही असे एकामागून एक जोडतात. पण या छोट्या पंपाच्या पाणी घेण्याच्या छिद्राला नळी नीट बसवायला तोंडच नसतं. एमसील (गळती बुजवायची लुकण) लावून त्यांनी जोडलं, दोन ठिकाणी गळलं, तरी पाणी सव्वा मीटरवर गेलं. मग कळलं की अशा जोडणीत एक पंप थांबला की सगळंच थांबतं, आणि सगळ्यात जास्त दाब खालच्या जोडावर येतो. कल्पना जमली नाही म्हणून कुणी तिला गुंडाळून ठेवायला सांगितलं नाही. तिची नोंद फलकावर राहिली.

सांडणं, कोरडं पडणं, उलटं वाहणं

टप्पे उभे राहिले की खरी डोकेदुखी सुरू होते, कारण दोन पंप कधीच सारखे नसतात. खालचा सेकंदाला १४ मिलिलिटर देतो आणि वरचा ८ च उचलतो, तर मधल्या डब्यात सेकंदाला ६ मिलिलिटर साचतं. ३०० मिलिलिटर रिकामी जागा असेल तर ५० सेकंदांत डबा वाहायला लागतो. उलट झालं तर डबा रिकामा होतो, पंप हवा ओढतो, कोरडा फिरतो, तापतो आणि जळतो. जादा पंप का आणायचे, ते इथे कळतं.

मुलांनी यावर आपापली उत्तरं शोधली. कुणी खालच्या नळीला कपड्यांचा चिमटा लावून धार आवळली. कुणी डब्याला काठाखाली भोक पाडून जादा पाणी परत टबात सोडणारी नळी बसवली, पाणी वाया गेलं नाही पण वीज गेली. कुणी प्रत्येक डब्याजवळ एक जण उभा केला आणि "सोड", "थांब" अशा हाका मारत बटणं चालवली. काकांनी सांगितलं की मोठ्या योजनेतही स्टेशनांना एकमेकांच्या टाक्यांची पातळी सतत कळवावी लागते. मुलांच्या आरडाओरड्याला त्यानंतर फार इज्जत मिळाली.

तिसऱ्या रविवारी ताई-दादांनी न सांगता मधल्या एका पंपाचं बटण बंद केलं. वीज गेली असं समजा. दोन गटांत वरच्या डब्यातलं पाणी आपोआप खाली वाहायला लागलं, सगळी कमाई मिनिटभरात परत. कारण त्यांनी सांडू नये म्हणून नळीचं तोंड डब्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं. असा पंप बंद असताना पाणी अडवत नाही, उलट दिशेने सरळ जाऊ देतो, आणि भरलेली नळी सायफन होते, म्हणजे पंपाशिवायच वरचं पाणी खाली ओढत राहते. तोंड पाण्याच्या वर राखलं की हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. दुसरा उपाय एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेचा, पण एवढ्या छोट्या पंपाचा दाब ती झडप उघडण्यातच खर्च होतो. घरच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी वरून का पडतं, याचं उत्तर एका मुलाने इथे स्वतःहून दिलं.

एकाच मोठ्या पंपाने ४०० मीटर का चढवत नाहीत, हा प्रश्न अपेक्षित होता आणि आलाच. पाण्याचा ४०० मीटरचा उभा स्तंभ तळाशी जवळजवळ ४० बार दाब देतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. तेवढा दाब सोसणारा पाइप जाड आणि महाग, आणि अचानक वीज गेल्यावर परत येणाऱ्या पाण्याचा तडाखा वेगळाच. वरून ओढून का घेत नाहीत, हा प्रश्न आठवीतल्या मुलाचा. ओढायचं काम खरं तर हवेचा दाब करतो, आणि तो समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उचलू शकतो. इंदूरच्या उंचीवर त्याहूनही कमी.

विजेचा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांनी केला. १००० लिटर, ४०० मीटर: ३९ लाख २० हजार ज्यूल, म्हणजे सुमारे १.१ युनिट. तेही पंप-मोटरचा तोटा, ७० किलोमीटरचं घर्षण आणि शहरापेक्षा उंच असलेला मधला माथा न धरता. प्रत्यक्षात याहून बराच जास्त. इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढून जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी पैसा उभा केला, तो कशासाठी, हे आता वेगळं समजवावं लागलं नाही.

गटातली कामं

मोकळं सोडलं की पंप आणि पेचकस मोठ्या मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात जाते. दर वीस मिनिटांनी कार्ड फिरवले: जोडणी, मोजणी, नोंद, सामान. सामानवाल्याने मंडळाच्या टेबलावरून "खरेदी" करायची आणि हिशेब ठेवायचा. सुरुवातीला कुरकुर झाली, तिसऱ्या रविवारी मुलंच घड्याळ बघून कार्ड बदलत होती. ताई-दादांना एकच नियम होता: मुलाच्या हातातलं अवजार घ्यायचं नाही. पाळायला सगळ्यात कठीण नियम हाच. आकडे चुकत असले तरी तोंडाने विचारायचं, हाताने दुरुस्त करायचं नाही.

घरचा अभ्यास एकच: आजी-आजोबांना विचारा, नर्मदा येण्याआधी पाणी कुठून भरायचात. विहिरी, टँकर, आंदोलनातल्या मिरवणुका, बरंच काही आलं. चौथ्या रविवारी वस्तीत पाणी सोडणारे कर्मचारी आपली लांब चावी घेऊन आले आणि एक दिवसाआड पाणी सोडताना कुठला व्हॉल्व्ह आधी का उघडतात ते त्यांनी सांगितलं. मुलांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यांनाच विचारले. नंतर पालकांसमोर शिडीवरची आपापली रचना चालवून दाखवली. शहराच्या पाण्या-स्वच्छतेचा प्रश्न लोकांसमोर खेळ करून मांडायची रीत इंदूरला नवी नाही: १९१८ मध्ये शहराचा आराखडा देणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी त्याच सुमारास दिवाळीची मिरवणूक प्लेग आणि उंदीर दाखवण्यासाठी वापरली होती.

मग पहिल्याच दिवशीचा प्रश्न, नवा कागद. आता बहुतेक चित्रांत चढ होता, टप्पे होते, विजेची तार होती, काहींत काठाच्या वर धरलेलं नळीचं तोंडसुद्धा. "शिबिर आवडलं का" असा कागद भरून घेण्यापेक्षा हे दोन कागद शेजारी ठेवणं कितीतरी जास्त सांगतं. दोन-तीन चित्रांत पंप अजूनही वरच्या टाकीत होता, पाणी ओढून घेणारा. पुढच्या तुकडीत १०.३ मीटरची गोष्ट तोंडी न सांगता जिन्यावर पारदर्शक नळी घेऊन करायची, ही नोंद त्यावरून झाली.

शेवटी पंपांची निगा. राजेंद्रनगरातलं बोरिंगचं पाणी जड, पंप ओलाच पिशवीत टाकला की आतल्या फिरत्या भागावर क्षार बसतात आणि पुढच्या वर्षी मोटर नुसती गुणगुणते. काम संपल्यावर पंप जड नसलेल्या साध्या पाण्यात दोन मिनिटं चालवायचा, मग झटकून सावलीत दोन दिवस वाळवायचा. अडकलेला असेल तर पुढची टोपी काढून आतलं चाक लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर ठेवायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं. प्रत्येक पंपावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक आणि त्याची बंद पडण्याची उंची लिहून ठेवा. पुढच्या तुकडीला मात्र ते आकडे दाखवू नका, त्यांना त्यांचे मोजू द्या.